राखी धनेश : मादी ढोलीत बंद, सगळं घर नराच्या चोचीवर

जांब समर्थ (ता. घनसावंगी) : धनेश म्हटलं की कोकण-सह्याद्रीतली दाट झाडी आठवते. महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत. त्यातले महाधनेश, मलबारी कवड्या धनेश आणि मलबारी राखी धनेश हे मुख्यतः दाट जंगलातले. जालन्यासारख्या कोरड्या, जंगल कमी असलेल्या भागात जमवून घेतो तो राखी धनेश.

हा साधारण दोन फूट लांब, राखाडी रंगाचा पक्षी. शेपूट लांब, चोच बाकदार आणि चोचीवर छोटं शिंग, म्हणून काहीजण याला शिंगचोचा म्हणतात. आवाज घारीच्या किंचाळण्यासारखा. वड, पिंपळ, उंबराची फळं हे आवडतं खाणं. जोडीला किडे, सरडेही चालतात. पिवळ्या कण्हेरीचं (बिट्टी) फळ माणसाला विषारी, पण हा ते खुशाल खातो! खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून लांबवर पडतात आणि तिथं नवी झाडं उगवतात.

खरी गंमत विणीची. उन्हाळा लागला की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा व माती वापरून तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट राहते. आत तिची उडायची पिसं गळतात. म्हणजे ठरवलं तरी ती उडू शकत नाही. अंडी उबायला तीनेक आठवडे लागतात, आणि पिल्लं जरा मोठी होईपर्यंत ती आतच असते. तोवर नर दिवसभर फेऱ्या मारतो, गळ्यात साठवून आणलेली फळं एकेक काढून फटीतून भरवतो.

आता याच दिवसांत कुणी नराला गलोलीनं पाडलं, तर आतलं अख्खं कुटुंब उपाशी राहतं. सांधेदुखीवर म्हणून धनेशाचं तेल विकणारेही फिरतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे.

दुसरी अडचण झाडाची. धनेशाला स्वतः नवी ढोली कोरता येत नाही. कुजलेल्या फांदीची किंवा सुतारपक्ष्यानं कोरलेली जागाच तो शोधतो. अशी ढोली कोवळ्या झाडाला नसते. बांधावरचा पोकळ झालेला जुना वड 'कामाचा नाही' म्हणून तोडला, की नवं लावलेलं रोप ती जागा भरायला कित्येक वर्षं घेतं. तोडायचंच असेल तर निदान मार्च ते जून थांबावं आणि आधी ढोलीच्या तोंडाशी लिंपण दिसतं का ते बघावं. शिकार किंवा जखमी पक्षी आढळला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो.