जयपूरचा आयोग आणि न्यायमूर्तींची खुर्ची

राजस्थान राज्य मानवी हक्क आयोगाचे कार्यालय जयपूरच्या शासन सचिवालयाच्या आवारात, एसएसओ भवनात आहे. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाने किंवा पेन्शन अडलेल्या विधवेने ज्या सरकारविरुद्ध दाद मागायची, त्याच सरकारच्या फाटकातून आत जावे लागते. जागेची ही अडचण निदान डोळ्यांना दिसते. आतल्या खुर्च्यांवर कोणी बसायचे याची अडचण तितकी चटकन दिसत नाही, कारण ती कायद्यातच लिहिलेली आहे. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राज्य आयोगाचे अध्यक्षपद फक्त उच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायाधीशांसाठी राखले. चार सदस्यांपैकी एक उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, एक जिल्हा न्यायाधीश आणि उरलेले दोघे मानवी हक्कांचे ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेले, अशी रचना होती. पाचांतले तिघे न्यायसंस्थेतले. या तिघांना कायदा विचारतो ते एवढेच की तुम्ही कोणत्या पदावर होता. हक्क पायदळी तुडवले जाताना तुम्ही जवळून काय पाहिले आणि त्यावर काय केले, हे तो विचारत नाही. माझ्या मते हा दुसरा प्रश्नच खरा आहे, आणि जयपूरचा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास त्याच बाजूने साक्ष देतो.

या शहरात नागरी हक्कांची भाषा आयोगाच्या कितीतरी आधी आली, आणि ती आणणारे लोक वेगवेगळ्या धंद्यांतले होते. १९३८ मध्ये जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झालेले जमनालाल बजाज मराठी वाचकाला वर्ध्याचे म्हणून माहीत आहेत; जन्म मात्र जयपूर संस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यातला. व्यवसाय कापसाचा. इंग्रज सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केले, रायबहादूर केले. असहकाराच्या काळात त्यांनी किताब परत केला. डिसेंबर १९३८ मध्ये दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी जयपूरकडे निघाले असता सवाई माधोपूर स्थानकावर त्यांच्या हाती प्रवेशबंदीचा हुकूम ठेवण्यात आला. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी तो मोडला आणि ऑगस्टपर्यंत ते अटकेत राहिले. मागणी साधी होती: सभा घेण्याचा, संघटना बांधण्याचा, बोलण्याचा हक्क. संस्थानाने नेमका त्याच वेळी संघटनांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा पुढे करून प्रजामंडळ बेकायदा ठरवले होते. त्यांचे सहकारी हीरालाल शास्त्री हे संस्थानच्या गृह आणि परराष्ट्र खात्यात अधिकारी होते. नोकरी सोडून ते वनस्थळीला जाऊन खेड्यात काम करू लागले. एक व्यापारी आणि एक माजी अधिकारी. दोघांकडेही राज्याने दिलेला मान होता आणि दोघांनीही तो सोडला होता, म्हणूनच दरबार त्यांना आपले मानत नव्हता आणि रयत मानत होती.

न्यायाधीशांच्या बाबतीतही हा फरक लावून पाहता येतो, आणि त्यासाठी मराठी माणसाला सासवडपर्यंतच जावे लागते. विठ्ठल महादेव तारकुंडे १९०९ साली सासवडला जन्मले, लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली करता करता आसपासच्या खेड्यांत काम करू लागले आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षासाठी त्यांनी वकिलीही बंद ठेवली. १९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९६९ मध्ये त्यांनी स्वेच्छेने पद सोडले. १९७६ मध्ये, आणीबाणीतच, जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने पीयूसीएल ही नागरी स्वातंत्र्याची संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या बांधणीत तारकुंडे आघाडीला होते. याच संघटनेचे पुढचे एक अध्यक्ष राजिंदर सच्चर. आणीबाणीत संमती न घेता ज्या न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या त्यांत ते होते, आणि मे १९७६ मध्ये त्यांना पाठवले ते राजस्थान उच्च न्यायालयात. सरकार नाखूश झाले की काय होते हे त्यांना कोणत्याही निकालपत्राबाहेर, स्वतःच्या नोकरीत कळले. हे दोघेही न्यायमूर्ती होते. तरी त्यांना कोणी नागरी हक्कांच्या कामावर नेमले नव्हते. पदाने त्यांना कायद्याची जाण दिली असेल, पण त्या जाणिवेला दिशा दिली ती पदाच्या आधीच्या आणि नंतरच्या आयुष्याने.

जयपूरचा आयोग १८ जानेवारी १९९९ च्या अधिसूचनेने स्थापन झाला आणि मार्च २००० मध्ये कामाला लागला. त्याची पहिली रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. अध्यक्षा कांता भटनागर: राजस्थान उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश आणि १९९२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश. सदस्यांत बनवारीलाल जोशी, १९५७ पासून पोलीस सेवेत असलेले, नंतर दिल्लीचे उपराज्यपाल झालेले अधिकारी. आणि त्यांच्याबरोबर आलमशाह खान, उदयपूरचे प्राध्यापक आणि हिंदी कथाकार. न्यायालय, पोलीस ठाणे आणि साहित्य या तीन जगांतली माणसे एका टेबलाशी आली. भटनागर काही महिनेच अध्यक्ष राहिल्या. २००१ मध्ये आलेले सगीर अहमद सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले होते. कलकत्त्याच्या हावडा स्थानकाजवळ बलात्कार झालेल्या बांगलादेशी महिलेला रेल्वेने भरपाई द्यावी, जीविताचा हक्क परदेशी व्यक्तीलाही आहे, असा २००० मधला निकाल देणाऱ्या पीठावर ते होते. त्यानंतर २००५ ते २०१० नगेंद्रकुमार जैन, मद्रास आणि कर्नाटकचे माजी मुख्य न्यायाधीश. एकामागून एक वजनदार नावे.

पण याच काळात चौकट आकसली. २००६ च्या दुरुस्तीने राज्य आयोग पाचांवरून तिघांवर आणला आणि अनुभवी सदस्यांच्या दोन जागांची एक केली. खर्च वाचला असेल. जी जागा आलमशाह खानांसारख्या माणसासाठी होती, ती मात्र आता एकच उरली आणि ती निवृत्त पोलीस अधिकाऱ्याकडे गेली की आयोगात न्यायालय आणि पोलीस खाते यांच्याखेरीज कोणी उरत नाही. पात्रतेची अट इतकी अरुंद होती की योग्य माणूस मिळेपर्यंत खुर्ची रिकामी राहिली. जैन यांची मुदत जुलै २०१० मध्ये संपली आणि पुढचे पूर्णवेळ अध्यक्ष प्रकाश टाटिया मार्च २०१६ मध्ये आले. मधली पाच वर्षांहून अधिक मुदत कार्यवाहक अध्यक्षांवर निघाली. एवढ्या दीर्घ काळात किती माणसे त्या फाटकातून आत जाऊन तशीच परतली असतील, याचा विचार अस्वस्थ करतो.

इथे सर्वांत बळकट आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. आयोगाला फक्त शिफारस करता येते. शिफारशीमागे जर माजी मुख्य न्यायाधीशांचा दबदबाही नसेल, तर गृहसचिव ती वाचतील तरी का? शिवाय पुरावा तोलणे, दोन्ही बाजू ऐकणे, भावनेच्या भरात न जाणे ही न्यायाधीशाची सवय आहे. दिल्लीतल्या राष्ट्रीय आयोगाचा इतिहासही या बाजूने बोलतो. पहिले अध्यक्ष रंगनाथ मिश्र यांच्या काळातच, डिसेंबर १९९३ मध्ये, कोठडीतला प्रत्येक मृत्यू चोवीस तासांच्या आत कळवण्याचा निर्देश जिल्ह्याजिल्ह्यांना गेला. त्यांच्याच काळात अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांसाठी आयोग सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. २००२ मध्ये गुजरातच्या दंगलींबाबत तेव्हाचे अध्यक्ष जे. एस. वर्मा यांनी जे लिहिले ते लिहायला नैतिक अधिकार लागतो, आणि तो त्यांना सरन्यायाधीशपदाने दिला होता. हे सगळे मान्य करतो. पण त्या पहिल्या आयोगात संयुक्त राष्ट्रांत हयात घालवलेले वीरेंद्र दयाल होते, हेही सोडता येत नाही. आणि दबदब्याने दिशा मिळत नाही, याचा दाखला जयपूरनेच दिला. ४ सप्टेंबर २०१९ रोजी टाटिया आणि महेशचंद्र शर्मा या दोन माजी न्यायमूर्तींच्या पीठाने लिव्ह-इन संबंधांना आळा घालण्यासाठी केंद्राने आणि राज्याने कायदा करावा, असा आदेश काढला. अशा संबंधातल्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण दिले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले होते. हक्क राखण्यासाठी बसवलेल्या संस्थेने प्रौढ माणसांचा एक हक्क आखूड करण्याची शिफारस करावी, यापेक्षा मोठी चूक मला दिसत नाही. त्या पीठावर न्यायमूर्तीच होते, दोघेही. एखादी साथिन, एखादी शिक्षिका, एखादा वार्ताहर तिथे असता, तर निदान समोरून एक प्रश्न आला असता.

साथिन हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण जयपूर जिल्ह्यातल्याच एका साथिनीने देशाचा कायदा बदलला. भटेरी गावची भंवरीदेवी राज्याच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करत होती. बालविवाह अडवल्याचा सूड म्हणून २२ सप्टेंबर १९९२ रोजी तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ठाण्यात पुरावा म्हणून तिचा लेहंगा ठेवून घेतला आणि नवऱ्याचे कापड गुंडाळून तिला रात्री परत जावे लागले. वैद्यकीय तपासणीला दोन दिवस उलटले. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्या निकालावरही न्यायाधीशाचीच सही होती. महिला संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. पीठावर वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. किरपाल. वर्मा पूर्वी राजस्थानचे मुख्य न्यायाधीश होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश राहिलेल्या मनोहर आणि वर्मा हे दोघेही पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर आले. आक्षेप घेणारे म्हणतील, पाहा, न्यायाधीशांनीच केले. खरे आहे. पण त्या निकालात काय लिहिले ते पाहावे. कामाच्या ठिकाणच्या तक्रार समितीची प्रमुख स्त्री असावी, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया नसाव्यात, आणि वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून समितीत हा विषय जाणणारी बाहेरची व्यक्ती, एखाद्या संस्थेतली, असलीच पाहिजे. २०१३ च्या कायद्यानेही बाहेरचा सदस्य कायम ठेवला. कार्यालयातल्या समितीला बाहेरचे माणूस अनिवार्य, आणि सचिवालयाच्या आवारातल्या आयोगाला नाही, ही विसंगती आहे. विशाखाचे न्यायाधीश मोठे ठरले ते आपल्यासारख्यांवर सगळे सोपवू नये हे त्यांना उमगले म्हणून.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तोही खोटा नाही: न्यायाधीशांची अट काढली तर त्या जागी सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतले येतील. माहिती अधिकाराकडे बोट दाखवले जाते. तो हक्कही राजस्थानातच घडला. पाली जिल्ह्यातल्या कोट किरानाला २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेची पहिली जनसुनावणी झाली. मस्टर रोलवरची नावे एकेक करून मोठ्याने वाचली गेली आणि ज्यांच्या नावाने मजुरी उचलली त्यांनी उभे राहून सांगितले की आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. ती सुनावणी चालवणारे कोणी न्यायमूर्ती नव्हते. सनदी सेवा सोडून आलेल्या अरुणा रॉय होत्या, त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते आणि मजूर होते. २००० मध्ये, आयोग सुरू झाला त्याच वर्षी, राजस्थानने माहिती अधिकाराचा कायदा केला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. त्याने माहिती आयुक्तांसाठी कायदा, विज्ञान, समाजसेवा, पत्रकारिता अशी दारे उघडली, आणि त्या दारांतून बहुतेक निवृत्त अधिकारीच आत गेले. आक्षेप इथपर्यंत बरोबर आहे. पण त्यावरून निघते ते एवढेच की नुसती अट सैल करून भागत नाही, निवडही उघड्यावर हवी. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती आयुक्तांच्या बाबतीत हेच सांगितले: जाहिरात द्या, निकष आणि विचारात घेतलेली नावे प्रसिद्ध करा.

त्याच वर्षी मानवी हक्क कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने राज्य आयोगाच्या अध्यक्षपदासाठी मुख्य न्यायाधीशांबरोबर साध्या न्यायाधीशांनाही पात्र केले आणि मुदत पाचाची तीन वर्षांवर आणली. गोपालकृष्ण व्यास २०२१ मध्ये त्याच दाराने आले. राष्ट्रीय आयोगात अनुभवी सदस्य दोनाचे तीन झाले आणि त्यांत किमान एक स्त्री बंधनकारक झाली; राज्य आयोगासाठी यातले काहीच नाही. ज्या आयोगाची सुरुवात एका स्त्रीच्या अध्यक्षतेने झाली, तिथे नंतर व्यासांपर्यंत सारे पूर्णवेळ अध्यक्ष पुरुषच झाले. ही केवळ जयपूरची गोष्ट नाही. महाराष्ट्राच्या आयोगाचे पहिले अध्यक्ष अरविंद सावंत हे केरळचे माजी मुख्य न्यायाधीश होते आणि पुढची परंपरा तीच राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक संघटनेने २०२३ आणि २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय आयोगाचे मानांकन लांबणीवर टाकले तेव्हा तपासात पोलीस अधिकारी असणे आणि रचनेत विविधता नसणे, हीच कारणे पुढे होती. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली पॅरिस तत्त्वे कामगार संघटना, पत्रकार, वकील, विद्यापीठे यांचा सहभाग मागतात.

आणखी एक गोष्ट. कलम १२ ने आयोगाला तक्रारींची चौकशी हे एकच काम दिलेले नाही. तुरुंगांना भेटी, कायद्यांचा आढावा, संशोधन, हक्कांचा प्रसार, स्वयंसेवी संस्थांना बळ, अशी कामे तिथे लिहिलेली आहेत. न्यायालयासारखे काम त्यांतले एक. बाकीच्यांसाठी गावोगाव हिंडलेला माणूस लागतो. त्याची निवड कलम २२ प्रमाणे मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेते यांची समिती करते. ज्यांच्या पोलिसांविरुद्ध सर्वाधिक ऐकावे लागणार ते गृहमंत्री निवड समितीत बसतात. राजस्थानात २०१८ ते २०२३ या काळात तर गृहखाते खुद्द मुख्यमंत्र्यांकडेच होते. म्हणून कायदा बदलण्याची वाट न पाहता उद्यापासून करता येईल अशी गोष्ट एकच आहे: समिती बसण्यापूर्वी त्या एका अनुभवी जागेसाठीची नावे, आणि प्रत्येकाने हक्कांसाठी आजवर काय केले त्याचा तपशील, राजस्थानच्या वर्तमानपत्रांत छापून यावा.