मातीचं मडकं आणि नागोबा

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे: सिस्टीम बांधण्याआधी ती वापरणाऱ्याच्या सवयी बघा. पण वापरणारा तोंडाने काही सांगतच नसेल तर? साप सांभाळणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न असतो.

त्याचं एक झकास उत्तर तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींनी दिलंय. बिळाचं तोंड, वाळूवरचा माग, टाकलेली कात... एवढ्यावरून आत कोण बसलंय हे ते ओळखतात. कातड्याच्या व्यापाऱ्यांना साप विकणं हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन होतं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ साली कातड्यांची निर्यात बंद झाली आणि चुली थंडावल्या.

मग १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने चेन्नईजवळ इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. साप मारायचा नाही, फक्त विष काढायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघे इथले पाहुणे. मुक्काम साधारण तीन-चार आठवडे, आठवड्यातून एकदा विष. मग पोटाच्या खवल्यांवर खूण करून परत रानात! खूण अशासाठी, की तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये.

गंमत म्हणजे राहायला काय? मातीचं मडकं! काचेची पेटी आपल्या सोयीची, कारण साप दिसतो. सापाला मात्र कुणाला दिसायचंच नसतं. अंधारी, अंगाला चहूबाजूंनी टेकणारी जागा मिळाली की स्वारी शांत. मातीमुळे आत गारवा राहतो, तोंडावर बांधलेल्या सुती कापडातून हवा येते. थोडक्यात, बीळच की! आपल्या बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीसाठी धरलेले नाग मडक्यातच ठेवत, ते काही उगाच नाही.

अर्थात मडकं थोड्या दिवसांपुरतं. साप कायम सांभाळायचा तर एक बाजू ऊबदार, दुसरी गार आणि दोन्हीकडे लपायला जागा हवी. त्याला अंगातली ऊब स्वतः राखता येत नाही, जागा बदलूनच तो ती सांभाळतो.

हे लाड कशाला, असं कुणी म्हणेल. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यावरचं औषध विषापासूनच बनतं, आणि ते विष जिवंत, धडधाकट सापाकडूनच मिळतं.

२०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली. रानात वाकून बिळं वाचणाऱ्यांचा हा मान. उशिरा का होईना, मिळाला!