सांधा कुठे निखळतो : प्रस्तावना

हे पुस्तक वाचकांच्या हाती बहुधा एखाद्या परीक्षेच्या धाकाने आले असेल. त्यात कमीपणा काही नाही. जीमॅटच्या भाषा विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटे. अमेरिकेतली एलसॅट किंवा 2020 पासून उताऱ्यांवर बेतलेली आपली क्लॅट, सगळीकडे ‘पुढीलपैकी कोणते विधान या युक्तिवादाला सर्वाधिक कमकुवत करते?’ हा प्रश्न भेटतोच. क्लासमधली मुले त्याला नुसते ‘वीकन’ म्हणतात. त्या एका प्रश्नप्रकारासाठी अख्खे पुस्तक कशाला, अशी शंका तुम्हाला आली असेल तर ती रास्त आहे.

पण हा प्रकार परीक्षांच्या फार आधीचा आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले अनुमान बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. नैयायिकांनी तेच उलटे करून पाहिले : अग्नी आहे, म्हणून धूर असणारच. यावर आक्षेप घेणारा डोंगर चढून अग्नी तपासायला जात नाही. तो लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतो. इथे अग्नी आहे, धूर कुठे आहे? मग ध्यानात येते, की धुराला ओले सरपण लागते आणि ही अट बोलणाऱ्याने गिळून टाकली होती. अशा लपलेल्या अटीला शास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928 साली वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या संस्करणासह काढला. असल्या शेकडो संज्ञांची त्यात नोंद आहे. हे भांडार आपल्या दाराशी असताना ‘वीकन’ ही परकी विद्या समजून मुले बिचकतात, याचे मला नवल वाटते.

आता घरचेच उदाहरण घेऊ. समजा, एका गावात ग्रामपंचायतीने अभ्यासिका सुरू केली. आदल्या वर्षी शाळेचा दहावीचा निकाल 70 टक्के होता, यंदा 87.5 टक्के लागला. सरपंचांचा निष्कर्ष : अभ्यासिकेमुळे निकाल वाढला. पुढे पर्याय येतात. एक म्हणतो, अभ्यासिकेवर ठरल्यापेक्षा जास्त खर्च झाला. दुसरा म्हणतो, दहावीची काही मुले तिथे कधी फिरकलीच नाहीत. तिसरा म्हणतो, नियमित जाणाऱ्यांना इतरांपेक्षा चांगले गुण मिळाले. चौथा म्हणतो, पास होण्याची खात्री नसलेल्या मुलांना शाळेने यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावले.

पहिला पर्याय वाचून करदाता म्हणून तुमचा जीव तुटेल, पण निकाल कशाने वाढला याच्याशी खर्चाचा संबंध नाही. तिसरा तर सरपंचांच्याच बाजूचा. घाईत वाचणारे यालाच हमखास बळी पडतात, कारण विषय नेमका तोच असतो आणि दिशा तेवढी उलटी. दुसऱ्यापाशी मात्र वाचकांनी थोडे रेंगाळावे. ‘काही’ म्हणजे किती? दोन मुले गेली नाहीत, म्हणून बाकीच्यांना उपयोग झाला नाही असे ठरत नाही.

राहिला चौथा. तो ना अभ्यासिकेला नावे ठेवतो, ना आकडे खोटे ठरवतो. निकाल वाढला हे मान्य करूनच तो कारण बदलतो. मी शिकवू लागलो तेव्हा एका विद्यार्थ्याने हा पर्याय फटकन खोडला होता. म्हणाला, ‘सर, आमच्या शाळेत असं कधीच करत नाहीत.’ मी त्याच्याशी शाळांच्या कारभारावरच वाद घालत बसलो आणि तास वाया घालवला. सांगायचे एवढेच होते, की पर्याय खरा धरूनच चालायचे असते. तो घडला असेल का, हा प्रश्नच नसतो. घडला असेल तर आधारविधान आणि निष्कर्ष यांच्यामधला सांधा ढिला होतो का, एवढेच पाहायचे.

म्हणून माझी एक विनंती. उत्तर बरोबर आले तरी उरलेले पर्याय का गळले, हे प्रत्येकापुढे आपल्या शब्दांत दोन-चार शब्द लिहून ठेवा : ‘विषय सोडून’, ‘उलट बळ देतो’, ‘फारच थोड्यांपुरता’. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटेल. घड्याळ लावायची घाई करू नका. वेग मागाहून येतो. पुस्तकातली प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असेही नाही, मात्र गृहीतकांचे प्रकरण आधी वाचलेत तर बाकीची सोपी जातील.

जाता जाता, सरपंचांची बाजूही ऐकायला हवी. वर्गात 50 मुले असतील आणि दहा जण बाहेरून बसले असतील, तर 40 पैकी 35 पास म्हणजे 87.5 टक्के. आदल्या वर्षीही 50 पैकी 35 च पास झाले होते. वाढ तिथल्या तिथे विरते. पण बाहेरून दोघेच बसले असतील, तर 48 पैकी 42 पास झाले म्हणायचे. मग सात जास्त मुले कशाने पास झाली, हे विचारावेच लागेल आणि अभ्यासिका पुन्हा चर्चेत येईल. चौथा पर्याय किती मुले ते सांगत नाही. तरीही उत्तर तोच आहे.