आवे वेरुम कॉर्पुस

आवे वेरुम कॉर्पुस : ख्रिस्तप्रसादातील प्रभूच्या देहाला वंदन करणारी मध्ययुगीन लॅटिन प्रार्थना. ही नोंद आहे ती या प्रार्थनेवरील मोत्सार्टच्या समूहगानरचनेची (के. ६१८). व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावातील चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख आन्टोन श्टोल या स्नेह्यासाठी त्याने ती लिहिली. हस्तलिखितावर तारीख १७ जून १७९१. चार आवाज, तंतुवाद्ये आणि ऑर्गन एवढाच सरंजाम, लांबी जेमतेम ४६ बार. आरंभी ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात, एवढीच सूचना. बहुतेक ठिकाणी चारही आवाज शब्द बरोबरीने उच्चारतात; अखेरच्या चरणात मात्र वरचे दोन आवाज पुढे निघतात आणि खालचे दोन तीच स्वरावली घेऊन मागून येतात. ‘रेक्विएम’ अपुरे राहिल्याने मोत्सार्टने चर्चसाठी पूर्ण केलेली ही शेवटची रचना ठरली.