स्माउगचे पूर्वज

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) या कादंबरीतील स्माउग हा ड्रॅगन आपल्याकडे बहुतेकांना चित्रपटांमुळे ठाऊक आहे. डोंगराच्या पोटात सोन्याच्या राशीवर पहुडलेला, बोलका, गर्विष्ठ आणि धूर्त. पुस्तक प्रथम वाचले तेव्हा आम्हाला पडलेला प्रश्न साधा होता: हा प्राणी इतका एकटा का? त्याचे पूर्वज कोण, भाऊबंद कोठे गेले? कादंबरी याविषयी फारसे बोलत नाही. उत्तरासाठी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची परिशिष्टे चाळावी लागतात आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी प्रसिद्ध केलेल्या 'द सिल्मरिलियन'कडे वळावे लागते. हे तुकडे जुळवले की 'मिडल-अर्थ' या कल्पित जगातील (आम्ही त्याला मध्यभूमी म्हणू) ड्रॅगनकुळाचा बराचसा सलग इतिहास हाती येतो. तो थोडक्यात मांडावा आणि त्यातून आम्हाला काय दिसले ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

हा इतिहास युद्धात सुरू होतो. पहिल्या युगाच्या २६०व्या वर्षी उत्तरेकडील आंगबांडच्या दुर्गातून ग्लाउरुंग बाहेर पडला. हा ड्रॅगनकुळाचा मूळपुरुष. दुर्गाचा स्वामी मॉर्गॉथ, म्हणजे मध्यभूमीतील आद्य दुष्टशक्ती. एल्फांशी चाललेल्या युद्धासाठी त्यानेच या प्राण्याला सिद्ध केले होते. परंतु ग्लाउरुंग तेव्हा जेमतेम अर्धा वाढलेला होता. फिंगोन या एल्फ राजपुत्राच्या घोडेस्वार तिरंदाजांनी त्याला वेढले आणि माघारी पिटाळले. आपले अस्त्र वेळेआधीच उघड झाले म्हणून मॉर्गॉथ नाराज झाला. पुढे ४५५ साली ग्लाउरुंग पूर्ण सामर्थ्यानिशी परतला आणि एल्फांनी आंगबांडला घातलेला वेढा मोडून पडला. त्याला पंख नव्हते. पंख असलेले ड्रॅगन त्या युगाच्या अखेरच्या महायुद्धात प्रथम आकाशात आले. त्यांतला सर्वांत प्रचंड तो आंकालागोन. एआरेंडिलने त्याला मारले, तेव्हा त्याच्या देहाखाली थांगोरोड्रिमची शिखरे चिरडली गेली. त्या युद्धात जवळजवळ सारे ड्रॅगन नष्ट झाले. जे थोडे वाचले, त्यांच्याच वंशाची पुढची कथा.

मात्र मुळापाशी एक अडचण आहे. मध्यभूमीच्या धर्मव्यवस्थेत सजीव निर्माण करण्याची शक्ती फक्त इलूवातार या परमेश्वराची. देवतुल्य शिल्पकार औलेने बुटक्यांची जात घडवली, तर त्याही केवळ कळसूत्री बाहुल्याच होत्या. परमेश्वराने त्यांना स्वीकारले तेव्हाच त्यांना स्वतःची इच्छा लाभली. मॉर्गॉथला तर केवळ असलेले बिघडवता येते. मग ग्लाउरुंग त्याने कशातून घडवला? तो आपल्यातील एका दुष्ट आत्म्याच्या बळावर बोलतो, एवढेच ग्रंथात सांगितले आहे. चाहत्यांनी यावर पुष्कळ तर्क लढवले आहेत. आमच्या मते या प्रश्नावर खरा प्रकाश पडतो तो टॉल्किन यांच्या अगदी आरंभीच्या लेखनातून.

टॉल्किन १९१६ साली सॉमच्या लढाईत होते. त्याच लढाईत, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, रणगाडे युद्धात प्रथमच वापरले गेले. खंदकज्वर झाल्याने नोव्हेंबरात ते इंग्लंडला परतले आणि आजारपणाच्या त्या दिवसांत त्यांनी गोंडोलिन नगरीच्या पतनाची कथा लिहिली. पुढे १९८४ साली छापल्या गेलेल्या या जुन्या पाठातील काही ड्रॅगन चक्क धातूचे आहेत. लोहारांनी आणि मांत्रिकांनी मिळून घडवलेले, सांध्यांवर वळणारे, वाटेतले अडथळे ओलांडून सरपटणारे. आणि त्यांच्या पोटात सैनिक बसलेले! टॉल्किन यांना रूपकांचा तिटकारा होता, त्यामुळे 'ड्रॅगन म्हणजे रणगाडा' असे समीकरण आम्ही मांडणार नाही. तरीही या जगातील ड्रॅगनाचा जन्म शस्त्रागारात झाला, अरण्यात नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. नंतरच्या लेखनात त्यांनी धातूच्या जागी मांस घातले. घडवण्यामागचा हेतू तोच राहिला.

शस्त्र स्वतःसाठी काही मागत नाही. ग्लाउरुंगने मागितले, आणि येथेच या इतिहासाला वळण मिळते. ४९५ साली त्याने नारगोथ्रोंड हे एल्फांचे भूमिगत राज्य उद्ध्वस्त केले. तूरिन या मानवी वीराला त्याने नुसत्या नजरेने आणि शब्दांनी जखडून ठेवले आणि त्याच्या डोळ्यांदेखत बंदिवान नेले गेले. मग ग्लाउरुंगने ऑर्क सैनिकांना हाकलून दिले, तेथील सारे धन एका दालनात रचले आणि त्यावर तो जाऊन पडला. मॉर्गॉथचा सेनानी या क्षणी धनाचा राखणदार झाला. स्माउगचा खरा पूर्वज तो येथे जन्मला, असे आम्हाला वाटते.

पुढे तूरिनने त्याला खालून, पोटात तलवार खुपसून मारले. पण ते धन तसेच राहिले. त्यावर मीम नावाचा बुटका जाऊन बसला. तूरिनचा पिता हूरिन याने मीमला मारले आणि त्यातील एक कंठा डोरिआथचा राजा थिंगोल याच्याकडे नेला. त्या कंठ्यात सिल्मरिल हे रत्न जडवण्याचे काम बुटक्यांकडे आले, त्याच्या मालकीवरून वाद पेटला, राजा मारला गेला आणि अखेरीस डोरिआथचे राज्य लयाला गेले. ड्रॅगनाने त्या नगरीत पाऊलही टाकले नव्हते.

तिसऱ्या युगात हेच पुन्हा घडते. उत्तरेच्या डोंगरांत स्काथा नावाच्या ड्रॅगनाला फ्रामने मारले, तर लगेच त्या धनावर बुटक्यांनी हक्क सांगितला. फ्रामने त्यांना ड्रॅगनाच्या दातांची माळ पाठवून हिणवले आणि त्या अपमानापायी त्यांनी त्याचा जीव घेतला, असे काही जण सांगतात. २७७० साली स्माउगने एरेबोर बळकावले आणि २९४१ साली बार्डच्या बाणाने तो पडला. त्यानंतर आठवडे उलटतात न उलटतात तोच तीन सैन्ये त्या डोंगराच्या दाराशी एकमेकांसमोर उभी ठाकली. वारसदार थोरिनची मती सोन्याने फिरली. सरोवरनगरीचा प्रमुख तर लोकांच्या वाट्याचे सोने घेऊन पळाला आणि ओसाड रानात उपाशी मेला.

टॉल्किन यांच्यासमोर दोन जुनी उदाहरणे होती. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यातला ड्रॅगन एक पेला चोरीला गेल्याने खवळतो. बिल्बोही स्माउगच्या राशीतून पेलाच उचलतो. १९३६ साली त्या काव्यावर दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात टॉल्किन यांनी, त्यातील राक्षस आणि ड्रॅगन हेच काव्याचे केंद्र आहेत, असे ठामपणे मांडले होते. दुसरे उदाहरण उत्तर युरोपच्या पुराणकथांतील फाफनिरचे. पित्याला मारून त्याचे सोने बळकावणारा आणि ते राखता राखता स्वतःच सर्प झालेला असा हा पुत्र. पुरलेल्या धनावर भुजंग होऊन बसलेल्या कृपण पूर्वजाच्या गोष्टी गावोगावी ऐकलेल्या मराठी वाचकाला हे मुळीच परके वाटणार नाही.

तेव्हा ड्रॅगनाची उत्पत्ती टॉल्किन यांनी अधांतरी ठेवली, यात आम्हाला उणीव वाटत नाही. शरीर कशातून आले हे न सांगता, ड्रॅगनपण कोठून कोठे जाते हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवले. पिढीगणिक आग मंदावते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या काळापर्यंत शक्तीच्या अंगठ्या वितळवू शकेल असा एकही ड्रॅगन उरलेला नाही, असे गॅंडाल्फ सांगतो. धनाचा मोह मात्र तेवढाच प्रखर राहतो, कारण तो सांभाळायला ड्रॅगन लागत नाही. वीर ड्रॅगनाला मारतो. त्यानंतर वाटणी कशी करायची, ही खरी कसोटी असते आणि बहुतेक वीर तेथे हरतात.

बहुतेक, सगळे नव्हेत. बिल्बो चौदाव्या हिश्श्यावर पाणी सोडून दोन लहान पेट्या तेवढ्या घेऊन घरी परततो. दुसरे उदाहरण अनेकांच्या नजरेतून निसटते. स्काथाच्या त्याच रक्तलांछित धनातील एक छोटे रुपेरी शिंग पिढ्यान्‌पिढ्या रोहानच्या राजघराण्यात राहिले. निरोपाच्या वेळी एओविनने ते मेरी या हॉबिटला भेट दिले. घरी परतल्यावर, गुंडांनी बळकावलेल्या आपल्या गावाला जागे करण्यासाठी मेरीने तेच शिंग फुंकले आणि शेतकरी काठ्याकुऱ्हाडी घेऊन बाहेर आले. या साऱ्या इतिहासात ड्रॅगनाच्या राशीतील एखादी वस्तू एवढी उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला आढळले नाही. आणि ती वस्तू कोणी जिंकलेली नव्हती, कोणीतरी दिलेली होती.