धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेचं कूळ

एकनाथमहाराजांनी पैठणात सुरू केलेली भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका 1573 मध्ये काशीत पुरी झाली. संस्कृतातला ठेवा मराठी माणसाच्या हाती आला. त्याआधी पाचच वर्षं, 1568 मध्ये, रोमला पोप पाचवे पायस यांनी कॅथलिक धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेचा ग्रंथ सुधारून बहुतेक ठिकाणी लागू केला. तो लॅटिनमध्ये होता. ज्याला लॅटिन येत नाही, त्याला तो बंदच.

पैठण ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतं, तो 1977 मध्ये स्थापन झाला. तिथल्या फादरांनाही या प्रार्थनेचा नेम आहे. मिस्सा हा त्यांच्या दिवसाचा गाभा. बाकीचा दिवस ही प्रार्थना बांधून ठेवते. सकाळी पहिला शब्द उच्चारण्याआधी अंगठ्याने ओठांवर क्रुसाची खूण करायची आणि देवाने ओठ उघडावेत, अशी विनवणी करायची. मग स्तोत्रं, शास्त्रवाचन. सकाळी जखऱ्याचं गीत, संध्याकाळी मरियेचं, निजताना शिमोनाचं. ग्रंथात रंगीत फिती असतात, कारण एकाच प्रार्थनेसाठी तीन-चार ठिकाणची पानं उलटावी लागतात. उपयाजकपदाची दीक्षा घेतानाच हा नेम स्वीकारायचा असतो. मन लागो न लागो, तो चुकवायचा नाही. कारण ही प्रार्थना फादरांची खासगी नव्हे, ती साऱ्या ख्रिस्तसभेच्या वतीने, जगासाठी केलेली असते.

या नेमाचं मूळ यहुदी परंपरेत आहे. दानिएल दिवसातून तीनदा प्रार्थना करी. पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी मंदिरात गेल्याचं नव्या करारात आहे. चौथ्या शतकात ख्रिस्ती शहरांतले सामान्य लोकही सकाळ-संध्याकाळ चर्चमध्ये स्तोत्रं गायला जमत. मठवासीयांनी ही साधना वाढवली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थनेची घडी बसवून 150 स्तोत्रं आठवड्यात पुरी व्हावीत, असा नियम घातला. त्यासाठी स्तोत्रांचा, वाचनांचा, गीतांचा असे वेगवेगळे ग्रंथ लागत. ते सगळं एका आटोपशीर पुस्तकात आलं, आणि तेराव्या शतकात गावोगाव फिरणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंनी ते सर्वदूर नेलं. प्रवासातही नेम पाळता येऊ लागला. पण समूहाने गायची प्रार्थना एकट्याने पुटपुटायची होत गेली, आणि लोक तिच्यापासून दुरावले.

लोकांची भूक मात्र शमली नव्हती. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती ओळखली. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. ते मराठीत आहे, ओवीत आहे. नाथांनी भागवत सांगितलं तोच हा छंद. गोव्यातल्या चर्चमध्ये ते गायलं जाई. नित्यप्रार्थनेची जागा त्याने घेतली नाही, पण उपासनेच्या अंगणात मराठीला पाट मिळाला. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवरच बंदी घातली.

दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाट दिली आणि प्रापंचिकांनीही ही प्रार्थना म्हणावी, असं आवर्जून सांगितलं. 1970 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवी रचना मंजूर केली. स्तोत्रांचा फेरा आठवड्याऐवजी चार आठवड्यांवर गेला, म्हणजे शब्दांवर रेंगाळायला सवड मिळाली.

म्हणून मला वाटतं, धर्मग्रामांत मिस्सेच्या वेळांसोबत सायंप्रार्थनेचीही वेळ फलकावर लागावी आणि ती मराठीत, लोकांसोबत, चालीवर म्हटली जावी. फादरांचा नेम त्याने हलका होणार नाही, उलट त्याला बळ येईल. जी प्रार्थना ते सर्वांच्या वतीने करतात, तिच्यात सर्वांचा आवाज मिसळणं हा तिचा मूळ धर्मच आहे.