राष्ट्रवादी कोनती? घडीवाली का तुतारीवाली?

नोव्हेंबर २०२४. एटापल्लीच्या बाजारात एका म्हातारीने विचारलं, "बाबू, दोन्ही राष्ट्रवादीच हायेत ना? मंग आमची कोनती?"

मी हसलो. नंतर वाटलं, हसण्यासारखं त्यात काय होतं?

आमच्या अहेरी मतदारसंघात धर्मरावबाबा आत्राम राष्ट्रवादीचे. त्यांच्याविरुद्ध मुलगी भाग्यश्री आत्राम, त्याही राष्ट्रवादीच्याच. पुतणे अंबरीशराव अपक्ष. घराणं एक, पक्षाचं नाव एक. फरक फक्त मागच्या शेपटीचा, 'शरदचंद्र पवार'. ज्याला वाचता येत नाही त्याने ही शेपटी कशी ओळखायची? त्याच्याजवळ एकच आधार, चिन्ह.

आपल्याकडे चिन्हं आली तीच मुळात यासाठी. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के. म्हणून पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी, तिच्यावर चिन्ह. तेव्हाही एकाच नावाचे दोन पक्ष होतेच: फॉरवर्ड ब्लॉक (मार्क्सवादी गट) आणि नागपूरचे कामगार नेते रुईकर यांचा फॉरवर्ड ब्लॉक (रुईकर गट). पण एकाचा सिंह, दुसऱ्याचा हात. चुकायचं काम नाही.

पुढे १९६९ ला काँग्रेस फुटली. १९७१ च्या निवडणुकीत बैलजोडी कोणालाच मिळाली नाही. इंदिराबाईंना गाय-वासरू, संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी बाई. तेव्हाही लोक चुकले नाहीत, कारण चित्रं वेगळी होती.

आपल्या भागाला कंसातले पक्ष काही नवीन नाहीत. १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. नंतर फुटत गेला आणि कंस वाढत गेले: खोब्रागडे, गवई, कांबळे, आठवले. त्यातले बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे तर आपल्या चंद्रपूरचेच. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती आज बसपाकडे आहे. नाव एकीकडे, चिन्ह दुसरीकडे!

आता नियम बघा. नवीन पक्ष नोंदवायचा तर नाव जुन्या पक्षासारखं चालत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हरकती मागवाव्या लागतात. पण जुना पक्ष फुटला की प्रकरण १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ मध्ये जातं. मूळ नाव-चिन्ह एका गटाला, आणि दुसऱ्याला तेच नाव शेपटी लावून. म्हणजे बाहेरच्याला जे करता येत नाही, ते आयोगाच्याच शिक्क्याने होतं. शिवसेनेचं तेच, राष्ट्रवादीचं तेच.

बरं, नाव सारखं तर सारखं, चिन्ह तरी वेगळं ठेवा! २०२४ च्या लोकसभेत शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट, तिचंही मराठी नाव 'तुतारी'. लोक तिला पिपाणी म्हणाले. साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला मिळाली ३७,०६२. दिंडोरीत तर पिपाणीला लाखावर मतं गेली. ही सगळी मतं चुकूनच पडली असं छातीठोक सांगता येणार नाही. पण एवढे लोक त्या अपक्षांना ओळखत होते, हेही पटत नाही. तक्रार झाली. विधानसभेच्या वेळी आयोग म्हणाला, माणसाचं चित्र मोठं करतो. पिपाणी यादीत राहिलीच.

आमच्याकडे मतदान दुपारी ३ ला बंद होतं. जंगलातून चालत आलेल्या माणसाचं मत चित्र चुकल्यामुळे भलतीकडे गेलं, तर ते परत आणता येत नाही. म्हणून दोनच मागण्या. पक्ष फुटला की मूळ नाव दोघांनाही नको. आणि मान्य पक्षाच्या चिन्हासारखं दिसणारं किंवा ऐकू येणारं चिन्ह अर्ज भरायच्या आधीच यादीतून काढा.

धर्मरावबाबा जिंकले. त्या म्हातारीने कोणाला मत दिलं, ते मी विचारलं नाही. विचारायचंही नसतं. पण तिला जिथे द्यायचं होतं तिथेच ते पडलं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

तुमच्या गावात असं झालं असेल तर खाली लिहा. पक्ष कोणताही असो.